आकड्यांना न्यायाची शिस्त लावणारे धनंजयराव

शासनाच्या हाती माहितीचा साठा आला म्हणजे न्याय आपोआप होतो, असे नाही. ती माहिती कोणत्या निकषावर तोलली जाते आणि तो निकष लोकांना ठाऊक असतो का, हे प्रश्न कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात नव्याने पुढे आले आहेत. थोर अर्थतज्ज्ञ प्रा. धनंजयराव गाडगीळ यांनी अर्धशतकापूर्वीच त्यांना कृतीने उत्तर दिले होते.

१० एप्रिल १९०१ रोजी नाशिकमध्ये जन्मलेले धनंजयराव केंब्रिजला शिकले. १९३० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे ते पहिले संचालक. वाई तालुक्यातील शेती असो वा पुणे शहरातील कुटुंबांची स्थिती, प्रत्यक्ष पाहणीवाचून निष्कर्ष काढायचा नाही, हा दंडक त्यांनी संस्थेला घालून दिला. १९४९ च्या राष्ट्रीय उत्पन्न समितीचे ते सदस्य होते. प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्षही तेच.

१९६७ मध्ये ते योजना आयोगाचे उपाध्यक्ष झाले. तोवर राज्यांना मिळणाऱ्या केंद्रीय मदतीस सर्वांना सारखा लागू होणारा निकष नव्हता; दिल्लीतील वजन मोलाचे ठरे. १९६९ मध्ये ‘गाडगीळ सूत्र’ स्वीकारले गेले. आसाम, नागालँड व जम्मू-काश्मीरच्या गरजा आधी भागवून उरलेल्या मदतीपैकी ६० टक्के लोकसंख्येनुसार, तर दरडोई उत्पन्न, करवसुलीचे प्रयत्न, चालू पाटबंधारे व वीज प्रकल्प आणि विशेष समस्या यांसाठी प्रत्येकी १० टक्के, अशी ती वाटणी होती. दरडोई उत्पन्नाचा वाटा राष्ट्रीय सरासरीखालील राज्यांनाच होता. साहजिकच त्यांच्या स्वतःच्या महाराष्ट्राला त्यातून काही मिळाले नाही.

सूत्र निर्दोष नव्हते. ‘विशेष समस्या’ कोणत्या, हे ठरवण्यात मर्जीला वाव उरलाच. मात्र सूत्र उघड असल्याने राज्यांना त्यावर वाद घालता आला आणि १९८० मध्ये ते बदलताही आले. ३ मे १९७१ रोजी धनंजयरावांचे निधन झाले. २०१५ मध्ये योजना आयोगाची जागा नीती आयोगाने घेतली.

राज्य सरकारने २०२५ मध्ये शेतीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण मंजूर केले आहे. उद्या प्रवरेकाठच्या ऊस उत्पादकाचे अनुदान किंवा सीवूड्समधील रहिवाशाचा मालमत्ता कर संगणकाने ठरवला, तर त्यामागचा निकष त्यांना समजला पाहिजे आणि चूक झाल्यास दाद मागता आली पाहिजे. धनंजयरावांचा वारसा सांगणाऱ्या महाराष्ट्राने एवढा आग्रह तरी धरायलाच हवा.