केनेडींच्या पाठीवर चार ऑपरेशन्स झाली, तरी दुखणं का गेलं नाही?

जॉन एफ. केनेडी म्हटलं की डोळ्यांसमोर येतो अमेरिकेचा तरुण, हसतमुख राष्ट्राध्यक्ष. पण कॅमेरे हटले की हाच माणूस अनेकदा कुबड्या घ्यायचा. कंबरेला पट्टा तर कायमचाच.

केनेडींचा जन्म १९१७ चा. पाठदुखी कॉलेजच्या दिवसांपासूनची. त्यात ऑगस्ट १९४३ मध्ये, महायुद्धात, जपानी युद्धनौकेने त्यांच्या पीटी-१०९ बोटीचे दोन तुकडे केले. जखमी सहकाऱ्याला ओढत केनेडी कित्येक तास पोहत राहिले. दुखणं आणखी वाढलं.

जून १९४४ मध्ये पहिलं ऑपरेशन झालं. कंबरेतली गादी सरकली असावी, असा डॉक्टरांचा अंदाज होता. तेव्हा एमआरआय नव्हता आणि साध्या एक्स-रेत हाडं दिसतात, गादी दिसत नाही. पाठ उघडल्यावर ठळक सरकलेली गादी सापडलीच नाही. थोडा झिजलेला, मऊ भाग काढला. दुखणं तसंच राहिलं.

ऑक्टोबर १९५४ मध्ये न्यूयॉर्कला धातूची पट्टी बसवून मणके जोडले. केनेडींना अ‍ॅडिसनचा आजार होता, त्यामुळे धोका मोठा होता. झालंही तसंच. जंतुसंसर्ग झाला, ते कोमात गेले, धर्मगुरूंनी अखेरचे विधीही केले. ते वाचले, पण फेब्रुवारी १९५५ मध्ये पट्टी काढावी लागली. १९५७ मध्ये पाठीतलं गळू साफ करायला चौथं ऑपरेशन झालं.

थोडा आराम मिळाला तो राष्ट्राध्यक्ष झाल्यावर, १९६१ मध्ये डॉ. हान्स क्राउस यांनी सुरू केलेल्या व्यायामाने. तरीही २२ नोव्हेंबर १९६३ ला डॅलसमध्ये त्यांची हत्या झाली, तेव्हा पट्टा अंगावर होताच.

मग आजचा एमआरआय असता तर? गादी सरकली आहे की नाही, हे आधीच कळलं असतं. पण दुखणं जाईल का, हे नुसत्या फोटोवरून सांगता येत नाही. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी सायटिकाच्या रुग्णांचा वर्षभराने पुन्हा एमआरआय काढला. यात ऑपरेशन झालेले होते आणि न झालेलेही. २०१३ मध्ये निष्कर्ष आले. बरं वाटणाऱ्यांपैकी ३५ टक्के लोकांची गादी सरकलेलीच दिसली. बरं न वाटणाऱ्यांमध्ये हे प्रमाण होतं ३३ टक्के. म्हणजे जवळपास सारखंच!

म्हणून रिपोर्टमध्ये गादी सरकलेली दिसली की लगेच घाबरू नका. फोटोत दाबलेली दिसणारी नस आणि पायात जाणारी कळ जुळतेय का, हे आधी डॉक्टरांना विचारा.