माती, तेल आणि हूड्री

मुलतानी माती म्हटलं की आपल्याला फेसपॅक आठवतो. पण तिच्याच नात्यातल्या एका मातीने जाड, काळ्या तेलाचं पेट्रोल करून दाखवलं, हे मी अलीकडे वाचलं. ज्याने ते करून घेतलं, त्या यूजेन हूड्रीने मग मला काही दिवस सोडलंच नाही.

गंमत म्हणजे हा माणूस रसायनशास्त्र शिकलेला नव्हता. १८९२ साली पॅरिसजवळ दोमाँ गावात जन्म, वडिलांचा पोलादाचा कारखाना, शिक्षण मेकॅनिकल इंजिनिअरिंगचं. पहिल्या महायुद्धात रणगाड्यांच्या दलात होता. १९१७ साली बंद पडलेले रणगाडे भर गोळीबारात दुरुस्त करून घेताना जखमी झाला. युद्ध संपलं आणि गड्याला मोटारींच्या शर्यतींचा नाद लागला. शर्यतीला चांगलं पेट्रोल हवं, ते मिळेना, म्हणून स्वारी इंधनाकडे वळली.

फ्रान्सकडे स्वतःचं तेल जवळजवळ नव्हतंच. म्हणून आधी त्याने हलक्या प्रतीच्या कोळशापासून पेट्रोल करायचा घाट घातला. त्यात स्वतःचा पैसा ओतला. १९२९ साली रोज ६० टन कोळसा घेणारा कारखाना उभाही राहिला. पण ते पेट्रोल महाग पडलं, सरकारने हात आखडता घेतला आणि कारखाना बंद झाला. १९२२ साली त्याचं जेनेव्हीव्हशी लग्न झालं होतं. घरचा पैसा असा भट्टीत जाताना तिला काय वाटलं असेल? मी वाचलं त्यात तिच्याबद्दल जेमतेम एक ओळ होती. अशा गोष्टींत बायकांच्या वाट्याला एवढंच येतं, नाही का!

तोवर हूड्रीने आपला मोर्चा जड तेलाकडे वळवला होता. जमिनीतून निघालेलं कच्चं तेल तापवलं की पेट्रोल वाफ होऊन आधी निघतं. मागे उरतं ते दाट, डांबरासारखं. ते खूप तापवलं की त्याचे मोठे रेणू तुटतात आणि आणखी थोडं पेट्रोल मिळतं, हे आधीच माहीत होतं. हूड्रीने काय केलं, तर त्या तेलाची वाफ साडेचारशे अंशांच्या आसपास तापलेल्या खास मातीवरून नेली. जास्त पेट्रोल निघालं आणि तेही चांगल्या प्रतीचं.

पण मातीवर काजळी धरायची. दूध पातेल्याच्या बुडाला लागतं ना, तसंच. दहा-पंधरा मिनिटांत माती काळी आणि काम ठप्प. इतरांनी इथेच हात टेकले होते. आपण पातेलं खरवडतो, हूड्रीने ते जाळलं! तेल थांबवायचं, गरम हवा सोडायची, काजळी जळून माती पुन्हा स्वच्छ. एका भांड्यात तेल चालू, तोवर दुसऱ्यात काजळी जळतेय. वर त्या जळण्याची उष्णताही तेल तोडायला वापरली. मला विचाराल तर त्याची खरी हुशारी मातीपेक्षा इथे आहे.

१९३० साली एका अमेरिकन तेल कंपनीच्या बोलावण्यावरून तो तिकडे गेला. १९३७ साली पेनसिल्व्हेनियात मार्कस हूक इथे सन ऑइल कंपनीचा मोठा कारखाना सुरू झाला, रोज १२,००० पिंपं तेल घेणारा. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या विमानांच्या इंधनात या भट्ट्यांचा मोठा वाटा होता.

त्याच काळात मायदेश मात्र तुटला. हिटलरपुढे झुकलेल्या फ्रान्सच्या विशी सरकारला त्याने अमेरिकेतून उघड विरोध केला, तिथल्या फ्रेंच लोकांची संघटना चालवली. १९४१ साली त्या सरकारने त्याचं नागरिकत्वच काढून घेतलं. रणांगणावर जखमी झालेल्या माणसाचं, बरं का! पुढच्या वर्षी तो अमेरिकन नागरिक झाला.

साठीकडे झुकल्यावर लोक हात झटकून मोकळे होतात. याने १९५० च्या सुमारास नवं काम काढलं. ज्या पेट्रोलच्या जोरावर शहरभर गाड्या धावत होत्या, त्यांचाच धूर त्याला खुपायला लागला. इंजिनातून निघणारा विषारी धूर बाहेर पडायच्या आधीच डब्यात जाळायचा, अशी त्याने रचना केली. १९५६ साली पेटंटही मिळालं. पण तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं मिसळत. त्या शिशाने डब्यातला उत्प्रेरक लगेच निकामी व्हायचा आणि शिसं काढायला कुणी तयार नव्हतं.

१९६२ साली हूड्री गेला. अमेरिकेत १९७५ च्या मॉडेलच्या गाड्यांना असे डबे लागले, तेव्हा त्याला जाऊन तेरा वर्षं झाली होती. आपल्याकडे १९९५ साली मुंबईसह चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल मोटारींना ते सक्तीचे झाले आणि २००० च्या फेब्रुवारीपासून गावोगावच्या पंपांवर शिसं नसलेलं पेट्रोल आलं.