विखुरलेल्या नोंदी जोडणारा गणिती

रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाची माहिती एकाच ठिकाणी कधीच लिहिली जात नाही. केसपेपरच्या खिडकीवर नाव, वय, पत्ता, प्रयोगशाळेत रक्ताचे अहवाल, क्ष-किरण विभागात फिल्मचा क्रमांक, औषध भांडारात दिलेल्या गोळ्या, रक्तपेढीत रक्तगट. माणूस एक, वह्या पाच. पेनिसिलिनची ॲलर्जी एका वहीत लिहिलेली असते आणि इंजेक्शन दुसऱ्या वहीवरून दिले जाते, तेव्हा या विखुरलेपणाची किंमत रुग्ण मोजतो. वह्यांच्या जागी संगणक आले, तरी हा प्रश्न आपोआप सुटला नाही. सुरुवातीच्या काळात तर संगणकातल्या नोंदीही एकमेकींना तितक्याच अनोळखी होत्या. त्या जोडायच्या कशा, याचे नेमके गणिती उत्तर १९७० साली एडगर फ्रँक कॉड यांनी दिले. आज बँक, रेल्वे आरक्षण आणि रुग्णालय या तिन्ही ठिकाणी बहुतेक माहिती त्यांनी सांगितलेल्या पद्धतीनेच साठवली जाते.

कॉड यांचा जन्म १९ ऑगस्ट १९२३ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टलंड या बेटावर झाला. सात भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडिलांचा चामड्याचा व्यवसाय होता, आई शिक्षिका होती. शिष्यवृत्ती मिळवून ते ऑक्सफर्डला गेले आणि रसायनशास्त्र शिकू लागले. तेवढ्यात दुसरे महायुद्ध आड आले. १९४२ पासून त्यांनी ब्रिटिश हवाई दलाच्या किनारी विभागात वैमानिक म्हणून काम केले. युद्ध संपल्यावर ते ऑक्सफर्डला परतले, रसायनशास्त्र सोडून गणिताकडे वळले आणि १९४८ मध्ये पदवी घेऊन अमेरिकेला गेले.

तिथे काही काळ त्यांनी न्यूयॉर्कमधल्या एका मोठ्या दुकानात विक्रेत्याची नोकरी केली, मग टेनेसी विद्यापीठात गणित शिकवले. १९४९ मध्ये ते आयबीएममध्ये प्रोग्रॅम लिहिणारे गणिती म्हणून रुजू झाले. तेव्हा संगणक म्हणजे खोलीभर पसरलेले यंत्र होते. १९५३ मध्ये अमेरिकेत सिनेटर मॅकार्थी यांनी कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून लोकांच्या मागे चौकशा लावल्या होत्या. त्या वातावरणाला कंटाळून कॉड देश सोडून कॅनडातल्या ओटावाला गेले आणि चार वर्षांनी परतले. पटत नसलेल्या ठिकाणी गप्प बसायचे नाही, हा स्वभाव पुढे त्यांना खुद्द आयबीएममध्येही महागात पडणार होता.

परतल्यावर एका संगणकावर एकाच वेळी अनेक कामे कशी चालवायची यावर त्यांनी काम केले. वयाच्या चाळिशीत, १९६५ मध्ये, मिशिगन विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. त्यांचा विषय स्वतःची प्रतिकृती तयार करू शकणाऱ्या काल्पनिक यंत्रांचा होता. जॉन फॉन न्यूमन यांनी अशा यंत्राच्या प्रत्येक पेशीला २९ अवस्था दिल्या होत्या. कॉड यांनी तेच काम आठ अवस्थांत होते हे दाखवले. गुंतागुंतीच्या गोष्टीचा साधा सांगाडा शोधण्याची ही सवय घेऊन ते कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील आयबीएमच्या प्रयोगशाळेत आले.

त्या वेळी माहिती साठवण्याची प्रचलित पद्धत वंशावळीसारखी होती. वर एक मूळ, खाली फांद्या, त्याखाली आणखी फांद्या. आयबीएमची आयएमएस ही प्रणाली याच पद्धतीची होती. चंद्रावर माणूस पाठवणाऱ्या अपोलो मोहिमेसाठी लागणाऱ्या असंख्य सुट्या भागांच्या याद्या ठेवण्याच्या गरजेतून ती जन्मली होती. रुग्णालयाच्या भाषेत सांगायचे तर वर रुग्ण, त्याखाली त्याच्या भेटी, प्रत्येक भेटीखाली दिलेली औषधे, अशी ती रचना. रुग्णाचे नाव घेऊन खाली उतरत गेले की त्याची औषधे चटकन सापडत. पण एखाद्या औषधाचा संपूर्ण साठा सदोष निघाला आणि तो कोणाकोणाला दिला गेला हे शोधायचे असेल, तर प्रत्येक रुग्णाच्या फांदीवर चढून उतरणारा वेगळा प्रोग्रॅम लिहावा लागे. त्यात रचना थोडी बदलली की जुने प्रोग्रॅम बंद पडत. माहिती कुठे आणि कशी ठेवली आहे हे ठाऊक असल्याशिवाय ती विचारताच येत नव्हती. कॉड यांना नेमके हेच खटकले.

जून १९७० मध्ये त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यातली कल्पना संचांच्या गणितावर उभी होती, पण ती कोणत्याही कारकुनाला समजावून सांगता येते. सगळी माहिती साध्या तक्त्यांत ठेवायची. प्रत्येक तक्ता एकाच प्रकारच्या गोष्टीचा: एक रुग्णांचा, एक तपासण्यांचा, एक औषधांचा. प्रत्येक ओळीला एक अशी ओळख, जी दुसऱ्या कोणत्याही ओळीची असणार नाही. तपासणीच्या तक्त्यात रुग्णाचे नाव, पत्ता पुन्हा लिहायचा नाही, फक्त त्याचा क्रमांक लिहायचा. दोन तक्त्यांतले क्रमांक जुळवले की दोन्हीकडची माहिती एकत्र येते. मग रुग्णावरून औषध शोधा किंवा औषधावरून रुग्ण शोधा, दोन्ही वाटा सारख्याच मोकळ्या. विचारणाऱ्याने काय हवे ते सांगायचे. ते कसे शोधायचे हे संगणकाने पाहायचे.

यातूनच त्यांनी पुढचा नियम बांधला: एक वस्तुस्थिती एकाच जागी लिहावी. रुग्णाचा रक्तगट पाच ठिकाणी लिहिला असेल आणि चूक लक्षात आल्यावर चारच ठिकाणी दुरुस्त झाला, तर पाचवी नोंद जिवावर बेतू शकते. तक्ते असे कसे पाडायचे की ही वेळच येऊ नये, याच्या पायऱ्या कॉड यांनी १९७१ पासूनच्या निबंधांत मांडल्या. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्या आजही शिकाव्या लागतात.

आयबीएममध्ये या कल्पनेचे स्वागत थंड झाले. आयएमएस चांगली विकली जात होती आणि तिला मागे सारणारे काही बाजारात आणण्याची कंपनीला घाई नव्हती. बाहेरच्या तज्ज्ञांचाही आक्षेप होता. गणिती म्हणून हे सुंदर आहे, पण तक्ते जुळवत बसणारा संगणक व्यवहारात फार मंद चालेल, असे त्यांचे म्हणणे होते. १९७४ मध्ये मिशिगनमधील ॲन आर्बर येथे एका परिषदेत कॉड आणि जुन्या पद्धतीचे अग्रणी चार्ल्स बॅकमन यांच्यात जाहीर वाद झाला. बॅकमन यांना आदल्याच वर्षी संगणकशास्त्रातला सर्वोच्च ट्युरिंग पुरस्कार मिळाला होता. त्यांच्यासमोर उभे राहून कॉड यांनी आपली बाजू लढवली.

कल्पना चालते हे शेवटी प्रत्यक्ष प्रयोगांनी ठरले. सॅन होजेतच सिस्टिम आर हा प्रकल्प सुरू झाला. त्यातल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी तक्त्यांना प्रश्न विचारण्याची जी भाषा घडवली, तीच आजची एसक्यूएल. कॉड मात्र तिच्यावर पूर्ण समाधानी नव्हते; आपल्या गणिताशी तिने तडजोड केली असे त्यांचे मत होते. तिकडे बर्कलेच्या विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर आणि युजीन वाँग यांनी इन्ग्रेस ही प्रणाली बांधली. १९७९ मध्ये ओरॅकल बाजारात आली. कल्पना आयबीएममध्ये जन्मली, पण कंपनीचे स्वतःचे पहिले उत्पादन १९८१ मध्ये आणि डीबी-टू हे गाजलेले उत्पादन १९८३ मध्ये आले. १९८१ चा ट्युरिंग पुरस्कार कॉड यांना मिळाला.

वैद्यकाच्या दृष्टीने कॉड यांचे सर्वांत मोलाचे काम कदाचित रिकाम्या रकान्याबद्दलचे आहे. हेपटायटिस बीच्या तपासणीचा रकाना कोरा असेल तर त्याचा अर्थ काय? तपासणी झाली नाही, की झाली आणि दोष आढळला नाही? कोऱ्या जागेला शून्य किंवा निगेटिव्ह समजणे ही कारकुनी चूक वाटते, पण तिच्यापायी संसर्ग नजरेतून सुटू शकतो. कॉड यांनी आग्रह धरला की माहीत नसणे ही वेगळी अवस्था मानावी आणि संगणकाने खरे, खोटे याबरोबर अज्ञात हे तिसरे उत्तरही ओळखावे. पुढे १९९० च्या पुस्तकात त्यांनी त्यातही दोन भेद केले: माहिती असायला हवी पण हाती नाही, आणि माहिती असण्याचा प्रश्नच येत नाही. रुग्णाची साखर मोजायची राहिली हा पहिला प्रकार. पुरुष रुग्णाच्या नावापुढे प्रसूतीची तारीख नसणे हा दुसरा. यावर त्यांचे निकटचे सहकारी ख्रिस डेट यांच्याशीच त्यांचे मतभेद झाले. तीन उत्तरांच्या तर्काने माणसे गोंधळतील असे डेट यांना वाटे. ती भीती खोटी नव्हती. आजही संगणकाला पॉझिटिव्ह नसलेल्यांची यादी मागितली, तर ज्यांची तपासणीच झाली नाही ते त्या यादीत येत नाहीत. पॉझिटिव्ह आणि पॉझिटिव्ह नसलेले यांची बेरीज मग एकूण रुग्णसंख्येशी जुळत नाही. अहवाल करणाऱ्याने अज्ञातांचा तिसरा आकडा वेगळा मागावा लागतो.

१९८० च्या दशकात अनेक कंपन्या जुन्याच मालावर नव्या पद्धतीचे लेबल लावून विकू लागल्या, तेव्हा १९८५ मध्ये कॉड यांनी कसोटीचे बारा नियम जाहीर केले. शून्यापासून मोजल्यामुळे ते प्रत्यक्षात तेरा होते. डेटाबेसचा सर्व्हर उभा करणाऱ्याला ते आजही कामाचे आहेत. कोणते तक्ते आहेत, त्यांत काय आहे याची सूची त्याच सर्व्हरवर, तक्त्यांच्याच रूपात असावी. नोंदींच्या अचूकतेची बंधने प्रत्येक खिडकीवरच्या प्रोग्रॅमवर न सोडता डेटाबेसमध्येच घालावीत, म्हणजे अस्तित्वात नसलेल्या रुग्णाच्या नावे अहवाल कोणत्याच खिडकीतून चढणार नाही. त्या बंधनांना वळसा घालून मागच्या दाराने कोणाला नोंद बदलता येऊ नये. आणि माहिती एका यंत्रावर आहे की दहा यंत्रांवर विखुरली आहे, याचा विचारणाऱ्याला फरक पडू नये.

यातला शेवटचा नियम सर्वांत अवघड ठरला. प्रयोगशाळेचा डेटाबेस एका कंपनीचा, औषध भांडाराचा दुसऱ्या कंपनीचा, तर ते जोडण्यासाठी आज साधने आहेत. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये लिंक्ड सर्व्हर आहे, ओरॅकलमध्ये डेटाबेस लिंक आहे, बर्कलेच्या परंपरेतून आलेल्या पोस्टग्रेसमध्ये परक्या तक्त्यांना आपल्या तक्त्यांसारखे वागवणारी सोय आहे. पण रुग्णालयांत तक्त्यांच्या पद्धतीबाहेरच्या प्रणालीही टिकून आहेत. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये १९६० च्या दशकात तयार झालेल्या मम्प्सची रचना फांद्यांचीच आहे. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांचा कारभार कित्येक दशके तिच्यावर चालला. अशा दोन जगांमध्ये भाषांतर करणारा दुवा घालावा लागतो.

तार जोडली म्हणून अर्थ जोडला जात नाही, हे इथे लक्षात ठेवावे लागते. रक्तातली साखर भारतात मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये सांगतात, ब्रिटनमध्ये मिलिमोल प्रति लिटरमध्ये. तिकडचे ५ म्हणजे इकडचे ९०, अगदी निरोगी. एककाचा रकाना न घेता नुसता आकडा आणला, तर तोच ५ पाहून डॉक्टर रुग्ण मरणाच्या दारात आहे असे समजेल. ओळखीचेही तसेच. एकाच गावात एकाच नावाचे दोघे असतात आणि एकाच माणसाचे नाव दोन खिडक्यांवर दोन तऱ्हांनी लिहिले जाते. चुकीच्या दोन ओळी जुळल्या तर एकाची ॲलर्जी दुसऱ्याच्या नावावर जाते. म्हणून नावावर विसंबायचे नाही, वेगळा क्रमांक हवा, हा कॉड यांचा आग्रह. आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झाले. त्यातला १४ अंकी आभा क्रमांक हे अशा ओळखीचेच उदाहरण आहे. या योजनेत नोंदी जिथे तयार झाल्या तिथेच राहतात आणि रुग्णाच्या संमतीने दुसरीकडे दाखवल्या जातात. हा क्रमांक केसपेपरवर बरोबर उतरवला गेला, तरच पुढचे सारे जुळते.

कॉड १९८४ मध्ये आयबीएममधून निवृत्त झाले. नंतरही ते लिहीत, सल्ला देत आणि आपल्या नियमांना फाटा देणाऱ्यांशी भांडत राहिले. १८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडातील राहत्या घरी हृदय निकामी होऊन त्यांचे निधन झाले. ते ७९ वर्षांचे होते. पुढच्या वर्षी या क्षेत्रातील संशोधनाच्या एका मोठ्या पुरस्काराला त्यांचे नाव देण्यात आले.

प्रशिक्षण न घेतलेल्या माणसालाही साध्या भाषेत संगणकाला प्रश्न विचारता यावा, यासाठी १९७० च्या दशकात त्यांनी रान्देव्हू नावाचा प्रकल्पही हाती घेतला होता. त्यात प्रश्न संदिग्ध असेल तर संगणकच उलट विचारून खात्री करून घेई. उत्तर देण्याआधी नेमके काय विचारले आहे ते पडताळायचे, ही शिस्त डॉक्टरांच्याही परिचयाची आहे. नोंदी कितीही जोडल्या गेल्या तरी इंजेक्शन देण्याआधी रुग्णाला ॲलर्जीबद्दल तोंडी विचारायचे असते, ते याच कारणाने. तक्त्यातला तो रकाना कोरा असेल, तर ॲलर्जी नाही असे नव्हे, अजून कोणी विचारलेले नाही एवढाच त्याचा अर्थ.