पंडिता रमाबाई : चाळिशीनंतरची विद्यार्थिनी

आता वय झाले, जीभ वळत नाही, नवी भाषा कोठून येणार, असे आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ बंधुभगिनी म्हणतात. आम्हीही तसेच म्हणत आलो आहो. अशा वेळी पंडिता रमाबाईंचे चरित्र आठवावे.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली झाला. तीर्थयात्रेच्या भटकंतीतही आई लक्ष्मीबाई त्यांस पहाटे जागे करून संस्कृतचे पाठ देत. नेमाने अभ्यास करण्याची सवय तेथेच जडली. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांस सरस्वती ही पदवी दिली.

१८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या. इंग्रजीचा अभ्यास नुकताच सुरू झालेला, तोच कानांनी कमी ऐकू येऊ लागले. वैद्यकी शिकण्याची आशा सोडावी लागली. परभाषा ऐकून शिकावयाची, आणि कानच साथ देईनात! तरी बाई खचल्या नाहीत. १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनी लिहिलेले इंग्रजी पुस्तक अमेरिकेत प्रसिद्ध झाले.

याहून कठीण पाठ पुढेच होता. केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळातून वाचविलेल्या शेकडो मुली व विधवा राहत. मराठी पवित्र शास्त्रातील संस्कृत वळणाचे शब्द त्या खेडवळ बायांस उमगत नसत. रमाबाई स्वतः संस्कृतच्या पंडिता; त्यांस काहीच अडत नव्हते. अडत होते ते या बायांचे. म्हणून साध्या मराठीत भाषांतर करावे, आणि त्यासाठी मूळ इब्री व ग्रीक भाषा शिकाव्या, असे त्यांनी मनावर घेतले. तेव्हा त्यांची चाळिशी उलटली होती, आणि एवढ्या मोठ्या संस्थेचा भार शिरावर होता. तरी वर्षांमागून वर्षे हे काम चालूच राहिले. १९२१ साली एकुलती एक कन्या मनोरमाबाई वारल्या. त्या दुःखातही आईने लेखणी खाली ठेविली नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूकडे गेल्या. त्यांनी भाषांतरिलेले संपूर्ण पवित्र शास्त्र १९२४ साली मुक्तिसदनाच्याच छापखान्यातून बाहेर पडले.

नव्या भाषेची हौस चार दिवसांत ओसरते, हे आम्ही अनुभवाने जाणतो. रमाबाईंच्या डोळ्यांपुढे मात्र, ज्यांच्यासाठी शिकावयाचे त्या बायांची तोंडे होती. म्हणून त्यांचा नेम टिकला. पाठाचे पुस्तक उघडण्यापूर्वी आपणही मनास विचारू या, की आम्ही हे कोणासाठी शिकत आहो? उत्तर मिळाले म्हणजे रोजची अर्धी घटकाही जड वाटणार नाही.