रंग न ओळखणारे यंत्रकार

लक्ष्मणराव किर्लोस्करांना खरे तर चित्रकार व्हायचे होते. 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मलेले लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पण काही रंगांतला फरक त्यांच्या डोळ्यांना कळत नव्हता. हे अंशतः रंगांधत्व बहुधा जन्मजात असते. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. स्त्रियांत दुसरे एक्स उणीव झाकून घेते, म्हणून पुरुषांत ते जास्त आढळते. त्यावर रूढ उपचार आजही नाही. निदान मात्र ठिपक्यांच्या चित्रांनी दोन मिनिटांत होते. ती इशिहारा चाचणी आली 1917 मध्ये, लक्ष्मणराव पन्नाशीकडे झुकल्यावर.

रंगपेटी सुटली. यंत्रांच्या रेखाटनाला रंग लागत नाहीत. ते शिकून त्यांनी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत तेच शिकवले. मग बेळगावात सायकलींचे दुकान, कडबा कापायचे यंत्र आणि लोखंडी नांगर. नांगर काही केल्या खपेना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत! 1910 मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा शाहू महाराजांनी दिलेल्या जुन्या तोफा वितळवून काम चालू राहिले.

पुढे पंप आले. 1946 मध्ये त्यांचे पुत्र शंतनुराव यांनी पुण्यात ऑइल इंजिनांचा कारखाना काढला. परभणीसारख्या कापूस-ज्वारीच्या जिल्ह्यात वीज पोचण्याआधी मोटेची जागा घेणारी होती ती अशीच डिझेलची इंजिने.

विष नांगरात नव्हते. ते या इंजिनांच्या धुरात निघाले. डिझेलच्या धुराने फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्ये नक्की केले. लक्ष्मणराव तर 26 सप्टेंबर 1956 रोजीच गेले. बायोडिझेलने काजळी घटते, पण नायट्रोजनचे ऑक्साइड कधी कधी किंचित वाढतात, म्हणून वाद मिटलेला नाही. सौरपंपाला धूरच नाही. मात्र जुने इंजिन अजून वापरात असेल, तर ते विहिरीत उतरवून किंवा बंद खोपटात चालवू नये. तिथे साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोके दुखते, चक्कर येते आणि माणूस जागीच कोसळतो. त्याला काढायला घाईने उतरणाराही तसाच जातो.