आट्यांना शिस्त लावणारा कारागीर

घरच्या छोट्या कार्यशाळेत लेथ बाळगणारा एखादा हौशी कारागीर जुन्या यंत्राचा, बाजारात न मिळणारा बोल्ट स्वतः घडवावयास बसतो, तेव्हा एक शंका त्याच्या मनाला शिवतही नाही. इंचात किती आटे हवेत हे ठरवून त्याप्रमाणे गिअर जोडले, की दांड्यावर नेमके तेवढेच आटे पडणार, याविषयी तो निश्चिंत असतो. ही निश्चिंतता जेमतेम सव्वादोनशे वर्षांची आहे. ती मिळवून देणाऱ्यांत अग्रभागी होता हेन्री मॉडस्ले हा इंग्रज कारागीर.

मॉडस्लेचा जन्म १७७१ साली लंडननजीक वुलिच येथे झाला. त्याचे वडील तेथील शस्त्रागारात नोकरीस होते. बाराव्या वर्षी हा मुलगा त्याच शस्त्रागारात काडतुसे भरण्याच्या कामास लागला. पुढे तो सुतारशाळेत गेला आणि तेथून लोहाराच्या भात्यापाशी. लोखंडाशी त्याचे सूत असे जमले की, अठराव्या वर्षीच कुलपांचा प्रसिद्ध निर्माता जोसेफ ब्रामा याने त्याला आपल्याकडे बोलावून घेतले. ब्रामाचे कुलूप उत्तम होते, परंतु हाताने घडविल्यामुळे ते फार महाग पडे. त्याचे भाग घडविणारी यंत्रे मॉडस्लेने तयार केली आणि तो कारखान्याचा प्रमुख झाला. मात्र आठवड्याला मिळणाऱ्या ३० शिलिंगांत वाढ मागताच मालकाने साफ नकार दिला. १७९७ साली मॉडस्ले बाहेर पडला आणि लंडनच्या वेल्स स्ट्रीटवर त्याने स्वतःचे छोटे दुकान थाटले.

त्या काळी मळसूत्र ही हाताच्या अंदाजाने करावयाची वस्तू होती. बोल्ट आणि चाकी यांची प्रत्येक जोडी स्वतंत्र असे. यंत्र उघडताना जोडीजोडीवर खुणा कराव्या लागत. खुणा चुकल्या, तर एकाची चाकी दुसऱ्याच्या बोल्टवर बसत नसे आणि दुरुस्तीपेक्षा जोड्या लावण्यातच दिवस मोडे. लेथवर मळसूत्र कापण्याचे प्रयत्न जेसी रॅम्सडेनसारख्या उपकरणकारांनी पूर्वी केले होते. मॉडस्लेने ती युक्ती भक्कम लोखंडी लेथवर आणून कारखान्याच्या रोजच्या वापरात रुजविली.

त्याच्या लेथमध्ये हत्यार कारागिराच्या हातात राहत नाही. ते सरकत्या बैठकीवर घट्ट बसते आणि त्या बैठकीला एक लांब मळसूत्र पुढे नेते. या मार्गदर्शक मळसूत्रावर इंचात ८ आटे असले आणि त्याच्या एका फेऱ्यात कामाचा दांडा दोन फेरे घेईल असे गिअर जोडले, तर दांड्यावर इंचात १६ आटे पडतात. गिअर बदलले की आट्यांची संख्याही बदलते. एका मळसूत्रातून हवी तितकी मळसूत्रे निर्माण करण्याची ही किमया होय.

पण मूळ मळसूत्रच सदोष असेल, तर त्याचा दोष प्रत्येक प्रतीत उतरणार. पहिले अचूक मळसूत्र आणावयाचे कोठून? मॉडस्लेने एक पाते ठराविक कोनात तिरके धरले आणि फिरत्या दांड्यावर टेकविले. दांडा फिरू लागला की पाते त्यात रुतून त्याला सारख्या गतीने पुढे सरकवी आणि दांड्यावर मळसूत्राची रेघ उमटे. अशा अनेक प्रयोगांतून निवडलेल्या नमुन्यांवरून त्याने पुढील मळसूत्रे सुधारीत नेली. अखेरीस त्याच्या हातून पाच फूट लांबीचे, इंचात ५० आटे असलेले मळसूत्र उतरले. आपल्या कारखान्यातील आट्यांची मापेही त्याने ठरवून टाकली. मापाविषयी वाद उद्भवलाच, तर निवाडा करण्यासाठी त्याने इंचाच्या हजाराव्या भागाहूनही सूक्ष्म अंतर दाखविणारे मापनयंत्र बनविले आणि त्याला ‘लॉर्ड चॅन्सेलर’ असे नाव दिले. ज्याच्या निर्णयावर अपील नाही, असा हा न्यायाधीश!

या अचूकतेला दुसरी बाजूही होती. मार्क ब्रुनेल याने आखलेली जहाजांच्या कप्प्या बनविणारी यंत्रे मॉडस्लेने पोर्ट्समथच्या गोदीसाठी घडविली. १८०८च्या सुमारास तेथे वर्षाला १,३०,००० कप्प्या तयार होऊ लागल्या. पूर्वी ११० कुशल कारागिरांना लागणारे काम आता दहा साधे मजूर करू लागले. हातातले कौशल्य यंत्रात गेले आणि अनेक हात रिकामे झाले. त्याच वेळी यंत्रे घडविणाऱ्या नव्या कारागिरांची पिढी मॉडस्लेच्याच लॅम्बेथच्या कारखान्यात तयार होत होती. रिचर्ड रॉबर्ट्स, बॅबेजच्या गणकयंत्राचे भाग घडविणारा जोसेफ क्लेमेंट, जेम्स नॅस्मिथ आणि जोसेफ व्हिटवर्थ ही सारी त्याच छत्राखालची माणसे. एक कौशल्य मावळताना दुसरे शिकविण्याची सोय होते की नाही, यावरच यंत्रयुग माणसाला तारक की मारक, हे ठरत असते.

मॉडस्ले १८३१ साली निवर्तला. त्यानंतर दहा वर्षांनी व्हिटवर्थने अनेक कारखान्यांतील बोल्ट गोळा करून, त्यांच्या मापांची सरासरी काढून, ५५ अंशांच्या आट्यांचे एकच प्रमाण देशापुढे मांडले. एका कारखान्याची शिस्त अशा रीतीने राष्ट्राची शिस्त झाली. पुढे मीटर पद्धतीचे ६० अंशांचे आटे सर्वत्र रूढ झाले; तरीही भारतातील जुन्या इंग्रजी यंत्रांत व्हिटवर्थचे आटे अद्याप आढळतात आणि त्यांच्यासाठी कोणी तरी लेथपुढे उभा राहतो.

सामान्य माणसाच्या नित्य उपयोगाची ही सत्ये पदवीधरांच्या सभागृहात जन्मली नाहीत. ३० शिलिंगांहून अधिक मोल मालकाला मान्य नव्हते, अशा हातांनी ती घडविली. हाताने काम करणाऱ्या विद्यार्थ्याला दुय्यम लेखणाऱ्या समाजाने आपल्या दाराच्या बिजागरीतला एक स्क्रू काढून पाहावा. त्याच्या आट्यांतली शिस्त असल्याच हातांची देणगी आहे.