नामदार गोखले यांचा ‘दमा’ आणि आजचा इनहेलर

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक गावी झाला. पुण्यात त्यांनी फर्ग्युसन कॉलेजमध्ये शिकवले आणि १९०५ मध्ये सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी स्थापन केली. १९११ मध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले.

या धावपळीत मधुमेह आणि ‘कार्डिॲक अस्थमा’ने त्यांना ग्रासले. १९१५ च्या सुरुवातीला गांधीजी पुण्यात आले. सोसायटीच्या आवारात शेंगदाणे, खजूर आणि फळे असा साधा बेत होता. प्रकृती बरी नसतानाही गोखले तिथे आले आणि बेशुद्ध पडले. शुद्धीवर येताच त्यांनी कार्यक्रम चालू ठेवण्याचा निरोप पाठवला. १९ फेब्रुवारीला त्यांचे निधन झाले. वय होते अवघे ४८.

नावात ‘अस्थमा’ असला तरी हा नेहमीचा दमा नव्हे. दम्यात श्वासनलिका सुजून आकसतात. कार्डिॲक अस्थमात हृदय कमकुवत झाल्याने फुप्फुसांत पाणी साचते आणि धाप लागते.

गोखल्यांच्या काळात आजच्यासारखे इनहेलर नव्हते. दाबून फवारा घेण्याचा इनहेलर १९५६ मध्ये आला. आता दीर्घकाळ काम करणारी औषधे श्वासनलिका १२ ते २४ तास मोकळ्या ठेवतात. दम्यात त्यांच्या जोडीला सूज कमी करणारे स्टेरॉइड लागतेच, आणि बरे वाटत असतानाही डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रोज घ्यावे लागते. हृदयामुळे लागणाऱ्या धापेवर मात्र उपचार वेगळे असतात. म्हणून धाप लागली की दुसऱ्याचा इनहेलर ओढू नये. आधी कारण तपासून घ्यावे.